दोन दारांपुढच्या चपला

आमच्या घराच्या पुढच्या अंगाला दोन खोल्या आहेत आणि दोन्हींना रस्त्याकडे उघडणारी वेगवेगळी दारं आहेत. डावीकडची खोली पुरुषांची, म्हणजे माझी. उजवीकडची बायकांची, म्हणजे माझ्या बायकोची. मधे ओटा आहे, त्यावर आई बसते. भिंतीवर ‘वेलनेस थेरपी सेंटर’ असा फलक आहे, पण बुलडाण्यात आम्हाला त्या नावाने कोणी ओळखत नाही. मालिशवाल्याचं घर म्हणतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही. मालिश, निर्गुडीच्या पाल्याच्या पोटलीचा शेक आणि वाफ, एवढंच आम्ही करतो आणि ते नीट करतो.

चपला दाराबाहेर काढून आत यायचं, असा नियम मीच केलेला आहे. त्यामुळे कोणत्या खोलीत किती काम आहे ते ओट्यावरून एका नजरेत कळतं. मागच्या दिवाळीच्या सुट्ट्यांत मी ती नजर इतक्या वेळा टाकली, की आई म्हणाली, “काय रे बावा, चपला चोरीले जाऊन राह्यल्या का?”

“नाही. पाहून राह्यलो.”

“काय पाहतं? तिकडं जत्रा भरली, इकडं माशा बसून राह्यल्या. हे मलेबी दिसते.”

आईचं बोलणं असंच आहे. खोटं मात्र ती बोलत नाही. बायकोच्या दारापुढे टाचेच्या चपला, सपाट चपला, टिकल्या लावलेल्या चपला, आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांचे झिजलेले रबरी स्लीपर, सगळे एकमेकांवर चढलेले असत. माझ्या दारापुढे असला तर एखादा बूट. तोही अनेकदा बायकोला घेऊन आलेल्या आणि वेळ कसा घालवायचा म्हणून आत शिरलेल्या नवऱ्याचा.

त्या चपलांवर माझं एवढं लक्ष असायला कारण होतं. नवरात्राच्या आधी एकदा भाजी निवडता निवडता बायको म्हणाली होती, “अहो, तुमच्या खोलीत बायकांसाठी एक टेबल टाकू काय? गल्लीतली एक बाई शिकवून हाताखाली घेते. बाया परत जाऊन राह्यल्या माह्या दारातून.”

“आन पुरुषांनी कुठं जावं?”

“येतात किती?”

प्रश्न साधा होता. तिने टोमणा म्हणून विचारला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. मी म्हणालो, “दिवाळी होऊ दे. सुट्ट्यांत किती येतात ते पाहू, मग ठरवू.” म्हणजे परीक्षा मीच लावली आणि बसायचंही मलाच होतं. सुट्ट्या संपेपर्यंत माझी खोली भरली नाही, तर ती जाणार होती.

खोली म्हणजे चार भिंती आणि एक टेबल, हे मला समजतं. पण हा धंदा मी उभा केलेला आहे. आधी मी जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होतो. कापसाच्या गाड्या काट्यावर चढायच्या, भरलेल्या आणि मग रिकाम्या, आणि मी वजन सांगायचो. जिनिंग बंद पडलं तेव्हा चाळिशीला आलो होतो. औरंगाबादला राहून मालिशचा आणि शेकाचा रीतसर अभ्यासक्रम केला. प्रमाणपत्र माझ्या नावाचं आहे, ते माझ्या खोलीत टांगलेलं आहे. तेल किती घ्यायचं ते मी मापाने घेतो, किती तापलं ते तापमापीने बघतो. अंदाजावर मी काही करत नाही.

बायका यायला लागल्या तेव्हा त्यांना हात लावणारं कोणी नव्हतं, म्हणून मी बायकोला शिकवलं. कसं शिकवलं ते सांगतो, कारण तसं दुसऱ्या कोणी शिकवल्याचं मी ऐकलं नाही. माणसाचं वजन करायचा, पायाने उभं राहायचा छोटा काटा मी बाजारातून आणला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. त्यावर तिने तळहात टेकून दाब द्यायचा आणि आकडा बघायचा. पिंढरीला चार किलो, पाठीला आठ, मानेला दोनच्या वर कधीच नाही. हे आकडे माझे, अनुभवाने बसवलेले. कुकरच्या शिट्ट्या होत असताना ती उजव्या हाताने काटा दाबायची आणि डाव्या हाताने गॅस कमी करायची. आकडे बसल्यावर मी तिला आईचे पाय दिले. माझ्या पाठीवर शिकते, असंही ती एकदा म्हणाली होती. मी म्हणालो, मास्तरानं पाटी व्हायचं नसते.

असं शिकवलेल्या माणसाच्या दारापुढे जत्रा भरते आणि शिकवणाऱ्याच्या दारापुढे माशा बसतात, तेव्हा काय वाटतं त्याला हेवा म्हणतात. मी दुसरा शब्द शोधून पाहिला. काळजी म्हणून पाहिलं, धंद्याचा विचार म्हणून पाहिलं. हेवाच होता. भाऊबंदाचा हेवा केला तर माणूस त्याच्याकडे जायचं टाळू शकतो. बायकोचा हेवा केला तर तिच्याच हातची भाकर खावी लागते, आणि ती चांगली झालेली असते.

आमचा हंगाम धनत्रयोदशीच्या आधीच सुरू होतो. सोयाबीन घरात आलेलं असतं, कापसाची वेचणी चालू असते. त्यामुळे गावातल्या ज्यांची पाठ खरोखर दुखते त्यांना आमच्याकडे यायला सवड नसते. येतात ते पुण्याहून, नाशिकहून, हैदराबादहून दिवाळीला घरी आलेले. गाडीत बसून पाठ धरलेली असते, घरी चार दिवस काय करावं हा प्रश्न असतो. कोणी लोणारचं सरोवर बघून येतं, कोणी मालिश करून घेतं. दोन्ही केलं की सुट्टी झाली.

दोन्ही खोल्यांमधली भिंत एका विटेची आहे. पलीकडचं सगळं ऐकू येतं. आधी बाई भरभर बोलत असते, सासूबद्दल, फराळाबद्दल, गुडघ्याबद्दल. मग बोलणं सावकाश होतं. मग थांबतं. नंतर बराच वेळ काहीच ऐकू येत नाही आणि त्यानंतर हळूच घोरण्याचा आवाज येतो. माझ्याकडचे पुरुष झोपत नसत. पालथे पडून, टेबलाच्या भोकातून खाली मोबाइल धरून बघत असत.

मी कान देऊन ऐकायचो, की बायको असं काय बोलते. काहीच बोलत नव्हती. “हं,” म्हणायची. फार तर, “असं काऊन बरं?” एवढ्यावर बाया तिला ताई म्हणायच्या, जाताना चिवड्याचे डबे ठेवून जायच्या. माझ्या खोलीत कोणी चिवडा ठेवला नाही. बायकोने तो चिवडा मला वाटीत घालून दिला, तेव्हा मी भूक नाही म्हणालो. नंतर ती कामात असताना डब्यातून काढून खाल्ला.

आता, तेव्हा घरात कोणालाच सांगितली नव्हती ती गोष्ट. पोळ्याच्या सुमारास माझा उजवा खांदा धरला. आधी वाटलं, रात्री कुशीवर झोपल्यामुळे असेल. पण हात कानाच्या वर जाईना आणि पाठीमागे तर मुळीच जाईना. हे दुखणं काय असतं ते मला माहीत आहे, असे लोक माझ्या टेबलावर येऊन गेले आहेत. ते बरं होतं, पण आठवड्यांत नाही, महिन्यांत. मालिश करणाऱ्याचा खांदा गेला म्हणजे खोलीचा प्रश्न सुट्ट्यांपर्यंत थांबलाच नसता. म्हणून मी गप्प राहिलो. केस डाव्या हाताने विंचरू लागलो. टॉवेल वाळत घालताना डावा हात वर, उजवा अंगाजवळ. बनियन काढायला खोलीची कडी लावून घ्यायचो. आणि मालिश करताना तळहाताऐवजी कोपर टेकून अंगाचा भार द्यायला लागलो. कोपराने करायची पद्धत आहेच, मी काही नवीन काढली नव्हती. पण सगळं अंग कोपरानेच करायची पद्धत नाही.

देऊळघाटची एक सून पुण्याहून आली होती. पहिल्या दिवशी एकटी आली. दुसऱ्या दिवशी सासूला, दोन नणंदांना आणि नवऱ्याला घेऊन आली. चौघी उजवीकडे गेल्या, नवरा डावीकडे. पस्तिशीचा असेल, संगणकावर बसून मान आखडलेली. मी त्याच्यासाठी तेल मोजून घेतलं, तापवलं, टेबलावर धुतलेली चादर घातली. या माणसाला आपण असं करून सोडायचं, की हा गावातले चार जण घेऊन येईल, असं मी मनाशी ठरवलं होतं.

थोड्या वेळाने तो पालथ्या पालथ्याच म्हणाला, “काका, तुम्ही कोपराने करताय का?”

“पद्धत आहे ती.”

“अच्छा. नाही, जरा टोचतंय म्हणून विचारलं.”

मी तळहात लावला. मानेपासून कमरेपर्यंत एक सलग हात ओढायचा असतो. तो निम्म्यावर आला आणि खांद्यातून अशी कळ निघाली, की मी टेबलाची कड धरली. तो म्हणाला, “काय झालं?” मी म्हणालो, “तेल घेतो.”

बाहेर येऊन तो बूट घालत होता तेव्हा त्याची बायको उजवीकडच्या दारातून आली. डोळे अर्धवट मिटलेले, केसांना तेल, चेहरा झोपेतून उठलेल्या लेकरासारखा.

“तुला काय लॉटरी लागली काय?” तो म्हणाला.

“अरे, काय हात आहे त्यांचा! मी कुठे आहे तेच मला कळत नव्हतं.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “ताई पुरुषांचं करत नाहीत का?”

“नाही,” मी म्हणालो. “आमच्याकडे बायकांचं बायका करतात, पुरुषांचं पुरुष.” हे मी गरजेपेक्षा मोठ्याने म्हणालो आणि म्हणताना मला बरं वाटलं. तिच्यापर्यंत न पोहोचणारा एक तरी माणूस होता.

“ठीक आहे, बघू मग पुढच्या वेळी,” तो म्हणाला. म्हणजे येणार नव्हता.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी दोन्ही दारं रिकामी होती. बायको करंज्या तळत होती. मी माळ्यावरून तो जुना काटा काढला, पुसला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला.

“पाठीचा दाब दाखव.”

“आता? हात पिठाचे हायेत.”

“धू आन दाखव.”

तिने हात धुतले, पुसले आणि काट्यावर तळहात ठेवला. मी आकड्याकडे बघत होतो. आठ नव्हतंच. सहावर गेला, चारवर आला, परत सातला टेकला. एका जागी थांबेना.

“काटा हलून राह्यला,” मी म्हणालो. “मी असं शिकवलं व्हतं काय?”

“घाबरला असन तुमाले पाहून,” ती म्हणाली आणि झाऱ्याने करंजी उलटवली. “तुमी दाखवा बरं तुमचं.”

मी तळहात ठेवला. आठ माझ्या हातात मुरलेलं होतं, डोळे मिटूनही चुकलं नसतं. पाचवर आकडा अडला. जोर लावला तर खांद्यात सुरी फिरली. मी हात उचलला आणि काटा उलटा करून त्याचे सेल बघू लागलो.

“काय झालं?”

“सेल गेले.”

“माह्या वेळी व्हते,” ती म्हणाली. तिने मान वर केली नाही, पण करंजी जरा जास्त तळली गेली.

पाडव्याला बायकोने नवऱ्याला तेल लावून न्हाऊ घालायचं, मग ओवाळायचं, अशी रीत आहे. आमच्याकडे ती उरकल्यासारखी व्हायची. सकाळीच बाया यायच्या असत, म्हणून कपाळाला, हातांना, पायांना तेलाचं एकेक बोट, की झालं. दिवसभर लोकांना तेल लावणाऱ्या घरात ते कोणाला खटकत नव्हतं. या वेळी मात्र आई ओट्यावरून ओरडली, “बोटं नको लावू नुसती! आज त्याले नीट हात लाव. वर्षाचा सण हाय.”

“उशीर होइन आई, दहाले बाई येणार हाय,” मी म्हणालो.

“येइन त बसन माह्याजवळ.”

मी आधीच खोलीत जाऊन बनियन काढून, टॉवेल गुंडाळून आलो होतो. मागच्या अंगणात पाट मांडला होता, बंबातून धूर निघत होता. बुलडाण्याची थंडी नुकतीच सुरू झाली होती. बायको मागे उभी राहिली. तेल तिने मापाने घेतलं नाही, वाटीतून ओंजळीत ओतलं. मी ते बोलणार होतो, पण तेवढ्यात तिचा हात डोक्यावर आला.

डोकं, कपाळ, कानांच्या मागे. मग मान. मग डावा खांदा, मग उजवा. उजव्या खांद्यामागे, फऱ्यापाशी हात थांबला. उचलला नाही, तिथेच राहिला.

“कवापासून?”

“काय कवापासून?”

“अहो, मी विचारून राह्यली, कवापासून?”

“पोळ्यापासून.”

एव्हाना आई उठून मागच्या दारात आली होती. दारातून आई म्हणाली, “मी दसऱ्यापासून पाहून राह्यली. टावेल डाव्या हातानं वाळू घालते हा.”

“आन मले सांगतलं नाही,” बायको म्हणाली. आईला की मला, ते कळलं नाही.

“सांगतलं असतं त खोली गेली असती,” मी म्हणालो.

“खोली!” ती म्हणाली. “खांदा चालला व्हता तुमचा, आन तुमी खोली धरून बसले.”

मग तिने हात चालवायला सुरुवात केली. मी सवयीने मनात आकडा धरायला लागलो. तीन असेल म्हणेपर्यंत तो दोन झालेला असायचा. मी श्वास सोडला की हात आत यायचा, घेतला की मागे सरायचा. कळ जिथे सुरू होते तिथे तो जाऊन थांबायचा, वाट बघायचा, आणि कळच जरा मागे सरकल्यावर तेवढाच पुढे जायचा. काट्यावरचा आकडा का हलत होता ते मला कळलं. काटा श्वास घेत नाही. मी तिला आठ शिकवलं होतं. बाकीचं तिने आईच्या पायांवर आणि गल्लीतल्या बायांच्या पाठींवर शिकून घेतलं होतं, आणि मी ते भिंतीपलीकडून घोरण्याच्या आवाजावरून मोजत बसलो होतो.

डोळे मिटले गेले. बंबाचा धूर नाकात जात होता तरी उठावंसं वाटेना. मला तेव्हा कृतज्ञता वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण खरं सांगायचं तर जास्त वाटला तो राग. एवढी वर्षं हा हात माझ्या घरात होता. गल्लीतल्या सगळ्या बायांना तो माहीत होता. चार दिवसांसाठी पुण्याहून आलेल्या बाईला माहीत होता, तिच्या सासूला माहीत होता, दोन्ही नणंदांना माहीत होता. दाराबाहेर रबरी स्लीपर काढणाऱ्या म्हाताऱ्यांना तर आठवड्याला मिळत होता. मला वर्षातून एकदा, तेलाची पाच बोटं. आणि ते मीच तसं ठेवलं होतं, याचा राग काढायला दुसरं कोणी सापडत नव्हतं.

दहाची बाई आली. चपला काढल्याचा आवाज मला अंगणात ऐकू आला. हात खांद्यावरून निघाला.

“एवढ्यात?” मी म्हणालो.

“बाई आली ना.”

“बसू दे तिले आईजवळ.”

“असं करते काय कोनी?” ती हात पुसत म्हणाली. “डॉक्टरले दाखवा आज-उद्या. आन दिवाळी झाली तरी मालिश बंद. पोटलीचा शेकसुदा मी देइन, तुमी स्वतः नाही घ्यायचा. समजलं?”

दुपारी तिने ओवाळलं. मी साडी आणलेली होती, कपाटात होती. तबकात मी माझ्या खोलीची किल्ली टाकली.

ती किल्लीकडे बघत राहिली. “नवरात्राआधी मागतली तवा नाही म्हणे. आता काऊन?”

“टाक तुह्यं टेबल. ठेव ती गल्लीतली बाई.”

“राग आला काय?”

“नाही.”

“आन साडी? कपाटात दिसली मले. तेबी टाका.”

आई एवढी हसली, की तिला ठसका लागला. मी साडी आणून टाकली.

लोक म्हणाले, मोठं मन केलं. तसं काही नव्हतं. तिच्या दारापुढे एवढी गर्दी, की माझा नंबर कधी लागलाच नसता. दुसरं टेबल आणि दुसरी बाई आली तर तिची गर्दी निम्मी होईल आणि मला वेळ मिळेल, हा साधा भागाकार होता. माझ्या हातून तर आता काही होणार नव्हतं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, शिवाय काही व्यायाम दिले. प्रमाणपत्र मी उतरवलं नाही. ते तिथेच आहे, खाली आता बायका निजतात.

गल्लीतल्या बाईला मी काट्यावर शिकवतो आहे. आठ आला की मी म्हणतो, बरोबर, आता ताईंकडे जा. तेल मीच तापवतो, तापमापीने. पुरुष आले तर सध्या फक्त वाफ देतो. हात आता कानापर्यंत जातो.

पण भागाकार चुकला. दोन टेबलं झाल्याचं कळल्यावर बाया दुप्पट यायला लागल्या, आणि सगळ्यांना बायकोच हवी असते. माझी वेळ दुपारी जेवणाआधीची ठरली आहे आणि ती रोज पुढे जाते. मी ओट्यावर आईजवळ बसून दाराकडे बघतो. पूर्वी त्या चपला किती आहेत ते बघायचो. आता कोणाच्या आहेत ते बघतो. त्यातल्या एका टिकल्यांच्या चपलेचा तर मला फार राग येतो. ती बाई वेळ संपल्यावरही उठत नाही.

परवा मी उठून माझ्या चपला काढल्या आणि रांगेत सगळ्यांच्या पुढे, दाराला लागून ठेवल्या. आईने काठी पुढे केली, त्या चपला ढकलत ढकलत टिकल्यांच्या चपलेच्या मागे आणून ठेवल्या आणि म्हणाली, “बस बे. तिचा नंबर तुह्या आधी हाय.”

मी बसलो.